आईवरचा गुन्हा

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षिका होती, त्यातली बरीच वर्षं हरसूलच्या बाजूला. आता ती नाशिकच्या घरात एकटी राहते आणि मी दोन गल्ल्या सोडून. गेल्या वर्षी तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. तिच्या मुलीला इथल्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती, पण राहायची सोय नव्हती. आईने मागची खोली उघडून दिली. भाडं नको म्हणाली, पण मुलीच्या घरच्यांनी ऐकलं नाही. मग नावापुरतं भाडं ठरलं.

तीन महिन्यांनी एक हवालदार दारात उभे. आधी मुलीचं आधार कार्ड मागितलं, मग आईचं.

"भाडेकरू ठेवलाय आणि ठाण्यात कळवलं नाही. गुन्हा आहे हा."

"कोणी सांगितलं?" आईने विचारलं.

"आदेश आहे."

"मला तर कोणी दिला नाही."

"घरोघर वाटत नसतात, बाई. वेबसाईटवर असतो."

आईकडे बटणांचा फोन आहे.

गुन्हा खरंच दाखल झाला. मुलगी खोलीच्या उंबऱ्यात रडत उभी होती. "बाई, मी जाते. माझ्यामुळं तुमाला लय तरास झाला." आईने तिला थांब म्हटलं, तरी त्याच आठवड्यात ती होस्टेलवर गेली.

वकील म्हणाले, "कबूल करा, दंड भरा, दहा मिनिटांत मोकळ्या. लढलात तर तारखांवर तारखा." आई म्हणाली, "मी काही वाईट केलेलं नाही, तर कबूल काय करू?" तिचे गुडघे, कोर्टाचे जिने, माझ्या रजा, या सगळ्याचा विचार करून मीच तिला गळ घातली.

कोर्टात पुकारा झाला, "आरोपी हजर?" आई उठून उभी राहिली. न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती "हो" म्हणाली.

घरी आल्यावर मी कागद नीट वाचले. त्यावर आदेशाचा क्रमांक होता. तो शोधायला मला दोन रविवार लागले. तिरकी स्कॅन केलेली दोन पानं, खाली एका अधिकाऱ्याची सही. "जो कोणी उल्लंघन करील तो शिक्षेस पात्र राहील." आणि वर लिहिलेलं, हा आदेश साठ दिवस अमलात राहील. मी बोटांवर दिवस मोजले. पुन्हा मोजले. मुलगी आमच्याकडे राहायला आली त्याच्या आधीच ते साठ दिवस संपलेले होते.

माझं डोकं फिरलं. सरकारी हुकूम मोडू नये, एवढंच मोठ्या कायद्यात आहे. पण काय केलं म्हणजे गुन्हा, हे ठरवलं एका टेबलावर एका माणसाने. त्यावर ना विधानसभेत चर्चा झाली, ना कोणी हात वर केला, ना आम्हाला विचारलं. बरं, ठरवलं तर ठरवलं, पण मुदत संपलीय हे निदान गुन्हा लिहिणाऱ्याने तरी बघायचं! त्याने पाहिलं नाही. वकिलांनी पाहिलं नाही. मी पाहिलं नाही, आणि आईला मान खाली घालायला लावली.

वकिलांकडे धावत गेले. त्यांनी पानं उलटली. "हे आधी दिसलं असतं तर... आता कबुली दिलीय ना. अपील करता येईल, पण कशाला वाढवता?" मी तिथे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. अपील केलं. ते अजून पडून आहे.

या जानेवारीत हरसूलकडच्या तिच्या शाळेने तिला स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. तिने फोनवर तब्येतीचं कारण सांगितलं. तब्येत ठणठणीत होती. मी भांडले तिच्याशी. "आई, तो आदेश मेलेला होता. तू काहीही केलेलं नाहीस!"

"मला ते कळतं गं," ती म्हणाली. "पण त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणाले. मुलांसमोर उभं राहून खरं बोला असं कुठल्या तोंडाने सांगू?"