ढगाला दम

दुष्काळात आमच्या गल्लीनं मिळून बोअरवर सोलरची मोटर बसवली आणि बटण एका रिटायर कंडक्टरांच्या ताब्यात दिलं. पहिल्या घागरीवर अंगठीनं दोनदा टणटण वाजवल्याशिवाय ते मोटर सुरूच करत नसत. समाजमंदिराच्या स्लॅबवरच्या सोलरच्या प्लेटा ते स्वतःच्या उपरण्यानं पुसत. माझ्या बायकोनं एकदा त्या प्लेटांवर कुरडया वाळत घातल्या, तर आमची घागर आठ दिवस रांगेत शेवटी!

सगळं उदगीर ढगाची वाट बघायचं. हे कंडक्टर एकटे ढग दिसला की चिडायचे, कारण सावली आली की मोटर बंद.

परवा एक चांगला काळाभोर ढग येऊन डोक्यावर थांबला. मोटर बंद पडली. बायका घागरी सोडून हरखून वर बघायला लागल्या. हे स्लॅबवर चढून उपरणं हलवत ओरडले, "ए, चल पुढं सरक! मागं लोकं खोळंबलेत!"

ढग खरंच सरकला. ऊन पडलं, मोटर सुरू झाली, पण घागर कुणी पुढं करेना. सगळ्या यांच्याकडंच बघत राहिल्या.

हे ढगाच्या पाठीकडं बघत रडवेले होऊन म्हणाले, "तीस वर्षं बोंबललो, एक पॅसेंजर सरकला न्हाई. तूच बरा सरकलास!"