त्र्यंबकपर्यंतचे टक्के

मी भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, कारण लोकांना मी भांडकुदळ वाटते. भीती वाटली की माझा आवाज चढतो. मी समोरच्यावर खेकसते, एवढंच. गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दिवशी, मी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत खेकसत होते.

बाबांना त्र्यंबकला आत्याकडे न्यायचं होतं. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिचे यजमान मोखाड्याकडे आश्रमशाळेत मास्तर होते, मग त्र्यंबकला घर बांधून ते तिथलेच झाले. बाबा दर भाऊबीजेला एसटीने जायचे. खांद्याला पिशवी, पिशवीत वाडीतले नारळ आणि सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी. त्यात कधी खंड पडला नाही. मग त्यांची फुप्फुसं कडक होत गेली, आणि दोन वर्षं जाणं झालं नाही. त्या वर्षी आत्या पडली, खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळली. फोनवर म्हणाली, "एकदा तोंड दाखवून जा रे." बाबांनी ते मला फक्त सांगितलं. त्यांनी हट्ट केला असता तर मी नाही म्हणू शकले असते.

बाबांना दिवसरात्र ऑक्सिजनचं मशीन लागतं. खुर्चीएवढं उंच धूड आहे ते, विजेवर चालतं, खोलीतली हवा ओढून घेतं आणि नळीने नाकात ऑक्सिजन सोडतं. चालू असलं की फुस्स, फुस्स असा आवाज सारखा येत राहतो. आईला आता त्या आवाजाशिवाय झोप लागत नाही. माझ्या विजेवरच्या मोठ्या गाडीत मागच्या सीटखाली घरच्यासारखा तीन पिनांचा प्लग आहे. शोरूममधल्या माणसाने "मॅडम, यावर मिक्सरपण चालतो" असं कौतुकाने सांगितलं तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, गाडीत बसून मी काय चटणी वाटणार आहे का. आता तो प्लग पाहिला की मला त्या माणसाची माफी मागावीशी वाटते.

डॉक्टरांनी परवानगी दिली. त्र्यंबकची उंची फार नाही, म्हणाले, पण मशीन बंद पडता कामा नये. "अर्धा तास पण नको." सोबत एक छोटा सिलिंडर ठेवा असंही म्हणाले, तर दिवाळीत सिलिंडरवाल्याचं दुकान बंद. म्हणजे हिशेब सरळ होता. गाडीची बॅटरी संपली की मशीन बंद, मशीन बंद की बाबांची हवा बंद.

मी आठ दिवस वही घेऊन बसले. नायगावहून नंदाखाल, तिथून आईबाबांना घेऊन विरार फाटा, हायवेने मनोर, मग विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक. सगळे मिळून पावणेदोनशे किलोमीटर, त्यातला शेवटचा भाग घाटाचा. सपाटीवर गाडी किती जाते, चढाला किती खाते, एसी किती खातो, सगळं लिहिलं. चार्जिंग मनोरजवळ हायवेवर, मग जव्हारच्या एका हॉटेलात, मग थेट त्र्यंबकला. मधे काही नाही. प्रत्येक गावापुढे मी टक्के लिहून ठेवले होते. सुरुवातीला शंभर.

त्या शंभरानेच पहिली माती खाल्ली. आमच्या टॉवरखाली चार्जिंगचे दोन पॉइंट, आणि दिवाळीत सगळ्यांनाच गावी जायचं. रात्री लावलेली माझी वायर कुणीतरी काढून स्वतःची लावली होती. सकाळी गाडीत बसले तर समोर आकडा अठ्ठ्याहत्तर. मी पार्किंगमध्ये उभी राहून त्या अज्ञात माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि निघाले.

नंदाखालला पोचले तर अंगणात वानोळा मांडलेला. केळीचे दोन घड, नारळांचं पोतं, सुकेळीच्या गुंडाळ्या, वर पडवळं. आमच्याकडे बहिणीच्या घरी रिकाम्या हाताने जायची पद्धत नाही, आणि दोन वर्षांचा अनुशेष आईने एकदम भरून काढायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, "आई, अगं ही गाडी आहे, टेम्पो नाही. वजन वाढलं की बॅटरी जास्त जाते." आई म्हणाली, "नारळाने काय होतंय?" आणि पोतं डिकीत गेलं.

बाबा मागे बसले. मशीन त्यांच्या पायाशी ठेवलं, प्लग लावला, फुस्स, फुस्स सुरू झालं. आई पुढे माझ्याशेजारी, कारण तिला घाटात गाडी लागते. बाबांनी माझी वही मागून घेतली आणि चष्मा लावून वाचली.

"म्हणजे लोड वाढला की ही दमते," ते म्हणाले. आमची घरची बोली कागदावर परकी दिसते, म्हणून साध्या मराठीत लिहितेय.

"हो."

"माझं मशीन किती खातं?"

मी तेव्हा गाडी मागे घेत होते, गल्ली अरुंद, मागे कुंपण. "खातंच की थोडंफार. सगळंच खातं," मी म्हटलं. वहीत मशीनचा आकडा मी लिहिलाच नव्हता. इतका किरकोळ होता की लिहावासा वाटला नाही. आणि ते मी त्यांना सांगितलं नाही.

बाबांना लोड म्हणजे काय हे मी शिकवायला नको. आम्ही लहान असताना वाडीतल्या केळींना संध्याकाळी पाणी सोडायचं, आणि नेमकी त्याच वेळी गावभर लाईट पडायची. बल्ब लालसर व्हायचा, विहिरीवरची मोटर नुसती हुं हुं करायची, पाणी चढायचं नाही. मग बाबा घरभर फिरून एकेक बटण बंद करायचे. फ्रीज, टीव्ही, पंखे, माझ्या अभ्यासाचा दिवासुद्धा. "मोटर चढू दे, मग लाव." पहिलं बटण कायम त्यांच्या खाटेवरच्या पंख्याचं. एकदा अंगात ताप असताना त्यांनी तो पंखा बंद केला होता आणि घामाने निथळत पडून राहिले होते. आई दोन दिवस त्यांच्याशी धड बोलली नव्हती.

मनोरला चार्जिंगच्या पॉइंटवर सहा गाड्यांची रांग. थांबावं की जावं? वहीत जव्हार होतंच. मी पुढे निघाले. तिथे थांबले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे मी तेव्हापासून रोज स्वतःला ऐकवते.

जव्हारला पोचलो तेव्हा आकडा चौतीस होता. हॉटेलच्या आवारात चार्जिंगचं मशीन होतं, त्याला झेंडूची माळ होती, आणि त्याच्या पडद्यावर अंधार होता. मॅनेजर म्हणाला, "लाईट गेलीये सकाळपासून. येईल."

"कधी येईल?"

"दिवाळी आहे मॅडम. येईल."

परतायचं तर मनोरची रांग, आणि तिथे पोचेपर्यंत बॅटरी निम्मीच उरणार. पुढे जायचं तर साठ किलोमीटर आणि घाट. तासभर वाट पाहिली. लाईट आली नाही. फोनवर आत्याची सून सांगत होती की आत्याने सकाळपासून तोंडात पाणी घेतलं नाही, भाऊ आल्याशिवाय खाणार नाही म्हणते. मी बाबांकडे पाहिलं. ते खिडकीतून पुढच्या रस्त्याकडे बघत होते. मी वहीत आकडे पुन्हा मांडले. उतरताना थोडी बॅटरी परत भरते, एसी बंद ठेवला तर आणखी थोडी वाचेल. पाच-सहा टक्के उरतील असं निघालं. निघालो.

त्या साठ किलोमीटरात माझ्या तोंडाचा पट्टा थांबला नाही. एसी बंद केला, चारही काचा खाली घेतल्या. "आई, फोनची वायर काढ." "आई, ते गाणं बंद कर." मोखाड्याच्या पुढे चढ लागला आणि आकडा माझ्या डोळ्यांदेखत उतरायला लागला. तो मी मोठ्याने वाचत होते, कशाला कुणास ठाऊक. बावीस. एकवीस. एकोणीस. गाडी वळणावर वळली की आकडा एकाने खाली. "त्या नारळांपायी मरणार आहोत आपण," मी आईला म्हटलं. आईने पदर तोंडाला लावला होता, तिला मळमळत होतं. मधे एका वळणावर मागून बाबांनी विचारलं, "चढत नाही का गं बाय?"

"कसली चढतेय. खाऊन टाकलं सगळं," मी म्हटलं. ते माझं त्यांना शेवटचं वाक्य होतं, पुढची वीस मिनिटं.

वारा नुसता भणाणत होता. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला वाळलेलं पिवळं गवत. गाडी घाटात बंद पडली तर काय करायचं, एवढंच डोक्यात. कुणाला थांबवायचं, मशीन कुठे लावायचं, बाबांना उचलून कुणाच्या घरात न्यायचं, घर तरी कुठे आहे. फोनला रेंज नव्हती. मी देवाला नवस बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले.

मग चढ संपला. रस्ता सपाट झाला, थोडा उतरला, आणि आकडा तेराचा चौदा झाला. त्र्यंबक बारा किलोमीटर राहिलं होतं. मला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, सुटलो हो," मी म्हटलं.

उत्तर आलं नाही. मी आरशात पाहिलं. बाबांची मान खिडकीकडे कलली होती, तोंड उघडं, ओठ जांभळे.

गाडी कुठे थांबवली मला आठवत नाही. आई म्हणते रस्त्याच्या मधोमध. थांबल्यावर वारा थांबला आणि सगळीकडे शांत झालं. तेव्हा मला कळलं की मागून फुस्स, फुस्स येत नाहीये. मी मागचं दार उघडलं. नळी नाकात होती. वायर प्लगमध्ये होती. मशीनचं बटण बंद होतं. ते आपोआप बंद होत नाही, बोटाने दाबावं लागतं.

मी ते दाबलं. मशीन घुरघुरलं आणि सुरू झालं. त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली, ती मला तीनदा लावावी लागली. आकडा आला बहात्तर. तोही टक्केवारीतच असतो. दिवसभर मी टक्के मोजत होते, आणि या बोटाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. आई खाली उतरून त्यांचे तळवे चोळत होती आणि त्यांना नावाने हाक मारत होती. आईने त्यांना नावाने हाक मारलेली मी जन्मात ऐकली नव्हती.

पंचाहत्तर. अठ्ठ्याहत्तर. पुन्हा सत्त्याहत्तर. मी रस्त्यावर गुडघे टेकून बसले होते. त्र्याऐंशी. किती वेळ गेला सांगता येत नाही. अठ्ठ्याऐंशीला त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शाळेतून उशिरा आलेय.

"चढली का?" त्यांनी विचारलं.

"बटण कुणी बंद केलं, बाबा?" मी ओरडले. खरंच ओरडले, त्या अवस्थेतल्या माणसावर.

त्यांना बोलायला दम नव्हता. तुकड्यातुकड्यांत म्हणाले, "लोड होता ना. म्हटलं तेवढी चढू दे. मग लावू."

आईने त्यांचा हात त्या बटणापासून उचलून आपल्या मांडीवर घेतला. पुढे ती मागेच बसली, गाडी लागली तरी.

त्र्यंबकला पोचलो तेव्हा अकरा टक्के होते. आत्याच्या भिंतीतल्या प्लगला मशीन लावलं, आत्याने पलंगावर पडल्यापडल्याच ओवाळलं, तबक सुनेने धरलं. बाबांनी नारळ पुढे केला. दोघं म्हातारी एकमेकांकडे बघून रडली आणि मग लाडूवरून भांडली. मी बाहेर पायरीवर बसून वहीत आकडा मांडला. नंदाखालपासून त्र्यंबकपर्यंत मशीनने सगळे मिळून अडीच-तीन टक्के खाल्ले असते. घाटातल्या त्या वीस मिनिटांत पाव टक्काही नाही. सकाळी विचारलं तेव्हा एवढं सांगायला मला एक वाक्य लागलं असतं.

तिथल्या डॉक्टरांना दाखवलं, रात्र आत्याकडेच काढली, दुसऱ्या दिवशी गाडी पुरती चार्ज करून सकाळी निघालो. आई मागे, बाबांशेजारी. घाट लागण्याआधीच मी चारही काचा बंद केल्या आणि एसी लावला. खाऊ दे किती खायचं ते. मला मागचा आवाज ऐकू यायला हवा होता.

"किती राहिली?" बाबांनी जव्हारच्या अलीकडे विचारलं.

समोर एक्क्याऐंशी होता. पण एक असता तरी मी तेच सांगितलं असतं.

"भरपूर आहे, बाबा," मी म्हटलं. फुस्स, फुस्स चालू होतं. मी ते विक्रमगडपर्यंत मोजत आले.