आत्याच्या मोबाईलमधला डोंगर

ऊन वाया चाललंय म्हणून जीव तुटणारं माणूस आमच्या बीदरच्या मुलखात एकच असेल, आणि ती माझी आत्या. तिच्या गावात, कमठाण्यात, उन्हाला कोण विचारतो? पण अंगणाचा कोपरा रिकामा दिसला की ती कुणाची डाळ, कुणाच्या कुरडया न विचारता आणून पसरते. शेजारणींना स्वतःचं वाळवण शोधत तिच्या दारात यावं लागतं. अशा बाईनं छपरावर सोलर बसवलं यात नवल काही नाही. नवल तिनं इन्व्हर्टर कसा निवडला, त्याचं.

निमित्त सुनेचं. सुनेनं घरातच मिरची-हळद दळायची मशीन टाकली होती, पण लाइट अशी जायची की गिऱ्हाईक अर्धवट भरड घेऊन परत. लेक वैतागला. "उन्हाळाभर बघतो आई. न्हाई जमलं तर हैदराबाद. खोली बघून ठेवलोय," असं त्यानं सांगून टाकलं. त्या दिवसापासून आत्याला दुसरं काही सुचेना. घराण्यातली पहिली पदवीधर मी, बी.एस्सी., तीही फर्स्ट क्लास. तेव्हा मी कलबुर्गीला राहत असूनही मलाच बोलावणं आलं.

बीदरातलं एक दुकान तिनं सोडलं नाही. बैल पारखावा तसा इन्व्हर्टरच्या पाठीवर हात ठेवायची आणि विचारायची, "दुपारी दमतंय का?" एक दुकानदार म्हणाला, "अक्का, बिनबॅटरीचं घ्या. झकास चालतंय."

"आन् लाइट गेल्यावर?"

"मग हे बी बंद. न्हाईतर आपली वीज उलटी तारंत जाती, खांबावर दुरुस्तीला चढलेल्या माणसाला शॉक बसतो."

"डोक्यावर ऊन आन् मशीन बंद? असला जावई नको बाबा मला."

मग मी तिला समजावलं की मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट जास्त वीज ओढते, तेवढा जोर इन्व्हर्टरात असावा लागतो. ती म्हणाली, "म्हणजे भरली गाडी हलताना बसतो तो पहिला हिसका. असं सांग की नीट! कॉलेजात हेच अवघड करून शिकवतेत का?" शेवटी बॅटरीवाला, जास्त जोराचा इन्व्हर्टर घेऊनच आम्ही परतलो.

आत्याला अक्षरओळख नाही. पण मोबाईलवर दिवसभराच्या विजेचा आलेख दिसतो, सकाळी चढणारा, दुपारी माथ्यावर, संध्याकाळी उतरणारा, त्याला तिनं डोंगर म्हणायला सुरुवात केली. तिखटाच्या डब्याला मोबाईल टेकवून ती त्याच्यावर डोळा ठेवते. "काय चाललंय?" असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "चढायलाय अजून." ढग आला की ढगाच्या सात पिढ्या निघतात. दुसऱ्याच्या पॅनलवर धूळ दिसली तर दारात उभी राहून ओरडते, "अगं, तुमचा डोंगर खुजा व्हायलाय, पुसा की!"

ऐन उन्हाळ्यात तिचा फोन आला. "पोरी, डोंगराला खिंड पडली गं! भर दुपारी. मशीन थांबली. पोरगं हैदराबादला फोन लावायलंय."

"ढग आलेत का?"

"आभाळ निरमळ हाय!"

व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. बघते तर इन्व्हर्टर जाडजूड वाकळीत डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेला.

"आत्या, हे काय?"

"झळ लागू नये म्हणून. बिचारं दिवसभर राबायलंय."

"अगं, तापला की तो आपणहून काम कमी करतो! सावली पाहिजे त्याला, पण वारा बी पाहिजे. काढ ती वाकळ आधी!"

तिनं वाकळ काढली, आणि इन्व्हर्टरकडे बघत हळूच म्हणाली, "सांगायचं न्हाई व्हय रे?"

दुसऱ्या दिवशी डोंगर सलग उभा राहिला. दुपारी लाइट गेली, तरी मशीन चालूच. लेकानं हैदराबादच्या मित्राला कळवलं, ती खोली दुसऱ्या कुणाला दे. हे सांगायला आत्यानं मला फोन लावला आणि मोबाईल नुसता मशीनजवळ धरून ठेवला. बराच वेळ मला घरघरीशिवाय काही ऐकू आलं नाही. मग बाजूला येऊन म्हणाली, "आता तू कामून तिकडं ऱ्हायलीस? तुझ्या शिक्षणाचं काम हितं बी निघतंय की."

पोरीला कॉलेजात घाल म्हणून माझ्या वडिलांशी भांडलेली हीच. तेव्हा जा म्हणणारी आता ये म्हणत होती.

"दिवाळीत येते की, आत्या."

"दिवाळीत पाव्हणे येतेत," ती म्हणाली. "तू घरची हाईस, ऱ्हायला ये."