रिलेच्या जागी वायर

अमळनेरात धुळे रोडला चुडामणआबांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. हात म्हणाल तर सोन्यासारखा, पण तोंड? राम राम! आणि ते तोंड सुटायचं एकाच शब्दावर, 'डायरेक्ट'. रेडिएटरचा पंखा गरजेप्रमाणे चालू-बंद करणारा रिले गेला, की नवा बसवायचा सोडून त्या जागी वायरचा तुकडा खुपसायचा आणि करंट थेट न्यायचा. आपल्या खानदेशात निम्म्या गाड्या अशाच पळतात. डायरेक्ट मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आबा उभंसुद्धा करायचे नाहीत. "आसा मिस्त्रीस्ना हातवर थुकाले पाह्यजे!" म्हणायचे, आणि खरोखरच थुंकायचे.

बुधवारी सकाळी बियाण्यांचे दुकानदार नवलभाऊ यांची गाडी दोरीने ओढत आणली. त्यांच्या आईला, वच्छलाबाईंना, डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा धुळ्याला न्यावं लागतं. काल परतताना पारोळ्याजवळ बोनेटमधून धूर निघाला. म्हातारीच्या हाताला ताजी पट्टी, अंगात त्राण नाही, आणि दीड तास रस्त्याकडेला उन्हात बसून.

"आबा, शुक्रवारी पुन्हा जायचंय. काहीही करा."

बोनेट उघडताच जळक्या रबराचा भपकारा आला. रिलेच्या खोबणीत रिले नव्हताच. दोन भोकांत बारीक वायर खुपसलेली, मध्ये फ्यूजचा पत्ता नाही, वरचं प्लास्टिक वितळून पाइपाला चिकटलेलं. आबा बाजूला पचकन थुंकले.

"छी! मिस्त्री होता का खाटीक? ज्यानं हे केलं ना, त्याच्या मायले बसाडा म्हना ह्या गाडीमा!"

"कुंदनचंच काम," नवलभाऊ म्हणाले. "गेल्या महिन्यात पारोळ्यात त्याच्याकडे हेडलाइट करून घेतला होता."

कुंदन म्हणजे आबांच्याच हाताखाली शिकलेला. सहा वर्षांपूर्वी त्याने वेगळं दुकान टाकलं, तो राग आबांच्या मनात होताच. मग काय, आबांना आयतं कोलीत मिळालं. त्यांनी त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या आणि शिव्या देत देत जळकी वायर कापायला घेतली.

जोडावर टेप नव्हती. सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळलेली, टोक आत दुमडून खोचलेलं. ही आबांची पद्धत. ती कुंदनलाही येत होती, नाही असं नाही. पण आबांचा हात थांबला, कारण त्यांना आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस आठवला. दोन वर्षं झाली. बाजार बंद, रिले मिळेना, नवलभाऊंना बहिणीला आणायला जायची घाई. "आजपुरतं डायरेक्ट करून देतो, उद्या या," आबा म्हणाले होते. नवलभाऊ आले नाहीत आणि आबांनी बोलावलंही नाही. दोघंही विसरले.

स्वतःच्या बोटांची त्यांना शिसारी आली. आयुष्यभर दुसऱ्याच्या हातावर थुंकलो, आणि ही घाण माझी! म्हातारी त्या गाडीत दोन वर्षं बसत होती. वायरचा तुकडा गटारात टाकला असता तर कुणाला कळणार होतं? बदनाम व्हायला कुंदन तयारच होता. आबांनी तो तुकडा खिशात टाकला आणि कामाला लागले. वायर बदलली, फ्यूज घातला, नवा रिले तळव्याने दाबून बसवला. इंजिन तापलं, रिले टिक करून वाजला आणि पंखा फिरू लागला.

नवलभाऊंचा जीव भांड्यात पडला. "आता पारोळ्यात जाऊन सगळ्यांना सांगतो. त्याचं दुकानच बंद पाडतो!"

आबांनी खिशातला तुकडा काढून त्यांच्यासमोर मूठ उघडली. "हाई काम मन्हं शे, नवलभाऊ. आखाजीले करेल व्हतं. कुंदननं काही नही करं."

नवलभाऊ बाकावर बसले.

"आबा, काल भर बाजारात मी त्याची आई-बहीण काढली. दहा माणसं होती."

"काय बोलला तो?"

"काहीच नाही. माझ्यासोबत गाडीपर्यंत आला, बोनेट उघडलं, त्या ट्यूबच्या पट्टीवर बोट फिरवलं. मला वाटलं, आपली चोरी पकडली गेली म्हणून गप्प आहे. मग एवढंच म्हणाला, 'भाऊ, गाडी आबाकडे लई जा. पन त्यास्ले मन्हंच नाव सांगज्यात.'"