ताप उतरला, तो नव्या वर्षाचा दिवस होता

"एनएस-वन पॉझिटिव्ह. डेंग्यू आहे," पिरंगुटचे डॉक्टर म्हणाले. एनएस-वन हे डेंग्यूच्या विषाणूचं एक प्रथिन. तापाच्या पहिल्या काही दिवसांत ते रक्तात सापडतं.

पेशंट मी नव्हते. पेशंट माझ्या शेजारच्या खुर्चीत मान टाकून बसली होती. मेरॉन, इथिओपियाची. तिच्या कंपनीने तिला नवीन मशीन शिकायला वर्षभरासाठी आमच्या गावच्या, उरवड्याच्या कारखान्यात पाठवलं आहे. ती आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते.

डॉक्टरांचा पुढचा प्रश्न होता, "आफ्रिकेतून घेऊन आली का?"

डास चावल्यापासून साधारण आठवडाभरात डेंग्यूचा ताप येतो. मेरॉन जानेवारीपासून आमच्याकडे आहे. तिचं शहर इतक्या उंचावर आहे की तिथे रात्री स्वेटर लागतो, मच्छरदाणी लागत नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, "हा आजार उरवड्याने तिला दिलाय. आमच्या गटारावर झाकण नाही, ते आधी लिहा." त्यांनी पॅरासिटामॉल लिहून दिली. दुसरी कुठलीही दुखीची गोळी द्यायची नाही, काही गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो, असं बजावलं. तेवढं मात्र नीट सांगितलं.

आमच्या बौद्ध वस्तीत ती कशी आली, तेही सांगते. गावात खोल्या रिकाम्या होत्या. पाच ठिकाणी "परदेशी न्हाई ठेवत आमी" असं उत्तर मिळालं. आम्हाला ते उत्तर वेगळ्या शब्दांत तोंडपाठ आहे. आईने तिला चहा दिला आणि वरच्या खोलीची किल्ली दिली. त्यावर चर्चा झाली नाही.

ताप एकशे तीनच्या खाली येईना. डोळ्यांच्या मागे दुखत होतं, हाडं मोडल्यासारखी वाटत होती. आणि माणसं येत होती. एकीने पपईच्या पानांचा रस आणला, एकाने शेळीचं दूध. एक जण मोबाईलवर किवीचे फायदे दाखवून गेला. प्रत्येकाचा एकच प्रश्न, "प्लेटलेट किती?" रक्त गोठायला मदत करणाऱ्या या पेशी डेंग्यूत कमी होतात, हे खरं. पण मॅचचा स्कोअर विचारावा तसं दारातून विचारायचं आणि आकडा ऐकून चुकचुकायचं, याने कोण बरं होतं? ती काय पिते, किती पिते, हे एकानेही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात तिचं नवं वर्ष होतं. इथिओपियाचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं. तापातसुद्धा ती दिवस मोजत होती. तिचं कॅलेंडर आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे आहे, हे मी आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मंग मला बी घेऊन चल गं मेरू तितं. गुडघं तरी दुखायचं न्हाईत."

मेरॉन क्षीण हसली. "चलो आई. तिकीट तुम्ही काढा."

नव्या वर्षाच्या सकाळी तिचा ताप उतरला. थर्मामीटर तीनदा लावला, तीनदा नॉर्मल. आईने कपाळाला हात लावला. "गेला बया एकदाचा! नव्या सालानं नेला." तिने मेरॉनला डोक्यावरून अंघोळ घातली. मी मागच्या टेकाडावरून सोनकीची पिवळी फुलं आणली, कारण तिच्याकडे या सणाला अशीच पिवळी फुलं लागतात. जमिनीवर हिरवं गवतही लागतं, तेही पसरलं. मलाही वाटलं, आजार संपला.

दुपारी तिने कॉफी मांडली. बिया तव्यावर भाजल्या, कुटल्या, काळ्या मातीच्या सुरईत उकळल्या. त्यांच्या रीतीप्रमाणे कॉफी तीनदा ओततात, आणि तिसरा कप आशीर्वादाचा. तो घेतल्याशिवाय उठत नाहीत. दुसऱ्या कपानंतर तिने पोट धरलं. मग उलटी झाली. मग पुन्हा.

"पित्त," आई म्हणाली.

"उपाशीपोटी काळी कॉफी! पित्तच हाय," शेजारच्या शकूमावशी म्हणाल्या. "माझं बी असंच खवळतं. कोकम द्या तिला."

आपल्याकडे सगळं पित्त असतं. डोकं दुखलं पित्त, चक्कर आली पित्त. बाई कळवळत असली तरी पित्त. कोकम सरबत आलं. मी मेरॉनला म्हटलं, आडवी हो. तिने मान हलवली. "थर्ड कप. नवीन वर्ष अर्धं सोडायचं नाही." ती सुरई उचलायला उठली आणि गवतावर कोसळली. मी तिचा हात धरला. तापाने पोळणारा तो हात आता गार आणि चिकट लागत होता.

शकूमावशींच्या मुलाने, संदीपने, गाडी काढली. भूगावला कोंडी. मुळशीचं धरण आणि लवासा बघून परतणाऱ्या गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या, खिडक्यांतून कणसं खाणारी माणसं. संदीप हॉर्न वाजवत होता आणि शिव्या खात होता. आई मागच्या सीटवर मेरॉनचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

बावधनच्या हॉस्पिटलात काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "पेशंटच्या रक्ताच्या नात्याचं कोण आहे?"

"मी आई हाय," आई म्हणाली. बाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "बगती काय? डॉक्टरला बलाव."

आयसीयूतल्या डॉक्टर तरुण होत्या. मी प्लेटलेटचे आकडे सांगू लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं. "ते राहू दे. ताप कधी उतरला?"

"आज सकाळी."

"लघवी?"

मेरॉनच पुटपुटली, "सकाळी. एकदा."

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. हेमॅटोक्रिट वाढलेलं होतं. हेमॅटोक्रिट म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बाहेर जातं, आत उरलेलं रक्त दाट होतं, रक्तदाब कोसळतो. "याला प्लाझ्मा लीकेज म्हणतात," त्या म्हणाल्या. "ते ताप उतरताना सुरू होतं. त्यानंतरचे एक-दोन दिवस सगळ्यात धोक्याचे. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, गार हातपाय, लघवी कमी. यातलं एक दिसलं तरी लगेच यायचं. अजून उशीर झाला असता तर मी काही सांगू शकले नसते."

आमच्याकडे याच्या नेमकं उलट चालतं. ताप असेपर्यंत माणसाला निजवतात, उतरला की उठवतात. मी लहानपणापासून घरात चळवळीची पत्रकं वाचत आले. डासांवरचं सरकारी पत्रकही मी वाचलं होतं. पाणी साचू देऊ नका, आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळा. ताप उतरल्यावरचं त्यात एक अक्षर नव्हतं. का नव्हतं? ही माहिती आयसीयूच्या दारातच कळायला हवी का?

पुढचे दोन दिवस सलाईन थेंब मोजून दिलं. कमी पडलं तर रक्तदाब जातो, जास्त झालं तर पाणी छातीत भरतं. थोड्या थोड्या वेळाने रक्त तपासत होते. आम्ही बाहेरच्या लोखंडी बाकावर. आई मध्येच विचारायची, "मी अंघोळ घातली म्हणून झालं का गं?" नाही म्हटलं तरी पुन्हा विचारायची. शेवटी डॉक्टरांनीच तिला बाहेर येऊन सांगितलं, "आजी, अंघोळीने नाही झालं. आणि आता ती धोक्याबाहेर आहे." आईने त्यांचे दोन्ही हात धरले. आजी म्हटल्याचा राग तिला घरी आल्यावर आला.

त्या डॉक्टरांचे आणि रात्रपाळीच्या नर्सचे आभार मानायला माझ्याकडे शब्द कमी आहेत. म्हणून ही माहिती पत्रकावर छापून मी वस्तीत वाटली. कुणी वाचली, कुणी त्यावर भजी ठेवली.

आई मात्र पत्रकावर विसंबली नाही. मागच्या आठवड्यात संदीपला डेंग्यू झाला. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि तो कामावर जायला बूट घालू लागला. आई त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काकू, ताप उतरला की! आता का आडवताय?"

"आता उतरलाय म्हणूनच," आई म्हणाली. "बूट काढ. लघवी झाली का ते सांग आधी."