वास नसलेली गोणी

त्या केसचा विषय निघाला की मला आधी आठवतो तो वास, जो यायला हवा होता आणि आला नाही. पोलीस खात्यात जे सापडतं त्याचा पंचनामा होतो. जे नाही त्याचा पंचनामा कसा करायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते शिकण्यात एका माणसाची नोकरी गेली. म्हणून हे लिहिते आहे. नावं कुणाचीच देणार नाही.

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका ठाण्याची मी तेव्हा प्रभारी होते. आमच्याकडच्या तक्रारी ठरलेल्या: कंपनीच्या गेटवरची मारामारी, कंटेनरखाली आलेली दुचाकी, भंगाराच्या ठेक्यावरून धमक्या. त्या शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास मात्र आवारात एक टेम्पो येऊन थांबला. हौद्यात मेलेल्या ब्रॉयलर कोंबड्यांचा ढीग होता. पाठी उघड्या, पिसं जवळजवळ नाहीत, काहींची शेपटीकडची बाजू पोखरून आतडी बाहेर आलेली. टेम्पोमागून निम्मं गाव.

"मॅडम, विष घातलंय," पोल्ट्रीचा मालक म्हणाला. "कुनी घातलंय ते समद्या गावाला ठाव हाय."

माझा हवालदार हौद्यातल्या कोंबड्यांकडे बघत पुटपुटला, "साक्षीदार बरेच आहेत मॅडम, पण एकही बोलायचा नाही." मी नुसतं बघितलं. तो वही आणायला गेला.

संशयित होता शेजारी. त्याचं घर पोल्ट्रीपासून हाकेच्या अंतरावर. माश्यांवरून दोन्ही घरांत वर्षभर भांडण चाललेलं. आठच दिवसांपूर्वी तो ग्रामपंचायतीसमोर ओरडला होता, "एक दिवस समद्या कोंबड्या मारून टाकतो का न्हाई बघ!" ऐकणारे वीस जण टेम्पोबरोबर आलेच होते. त्याला आणलं तेव्हा तो दुसऱ्या शिफ्टला निघालेला, अंगात कंपनीचा शर्ट, गळ्यात गेट पास.

मी त्याला तासभर विचारलं. माझ्या कोणत्याही प्रश्नावर तो शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबे.

"मॅडम, माश्या ताटात बसत्यात म्हणून बोललो. रागात बोललो. पण सोमवारी मला कंपनीत पायजे. सहा वर्सं ठेकेदाराकडं काढली, आता पर्मनंटची यादी हाय. सोमवारी साहेब समोर बोलावनार हायेत."

"शेडमध्ये कधी गेला होतास?"

"मी कशाला जाऊ त्या घाणीत? मॅडम, सोमवारचं तेवढं बघा. नंतर म्हनाल तिथं येतो."

अशा गुन्ह्यात नोटीस देऊन माणसाला घरी पाठवता येतं. कायदा तेच सांगतो आणि मला तो पाठ होता. पण बाहेर दोन भावक्या समोरासमोर उभ्या होत्या, एकाच्या हातात कोयता दिसला होता. शेजाऱ्याला आत घेतला तर गर्दी पांगेल, हा माझा हिशेब. गर्दी खरंच पांगली. शेडमध्ये घुसून विष घातल्याची फिर्याद होती, म्हणून गृहअतिक्रमणाचं कलमही लावलं. त्यामुळे जामीन लांबला. त्या कलमासाठी माझ्याजवळ पुरावा नव्हता, फक्त फिर्याद होती. रविवारी त्याला कोर्टात उभं केलं आणि दोन दिवसांची कोठडी मिळाली. सोमवार त्याने आमच्या कोठडीत, भिंतीला पाठ लावून काढला. दुपारी शिफ्टच्या वेळेला त्याने पहाऱ्यावरच्या शिपायाला किती वाजले ते विचारलं. नंतर विचारलं नाही.

मंगळवारी सकाळी सरकारी पशुवैद्यकांचं प्राथमिक मत टेबलावर आलं. मी त्यांना फोन लावला.

"डॉक्टर, विष कुठलं?"

"विषाचं लक्षण दिसत नाही. तपासणीला पाठवलंय, पण फार आशा धरू नका. या कोंबड्यांनी एकमेकींना टोचून मारलंय. पिसंच धरलेली नाहीत. काय घातलं ते शोधू नका मॅडम, काय घालायचं राहिलं ते शोधा."

डॉक्टर आणि मी पोल्ट्रीवर गेलो. मालक खाद्य घरीच तयार करायचा: मक्याचा भरडा, सोयाबीनची पेंड, वरून जीवनसत्त्वं, लायसिन आणि मेथिओनिन. डॉक्टरांनी मला समजावलं की ही शेवटची दोन अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक. मांस आणि पिसं त्यांच्यावर धरतात. मका-पेंडीत मेथिओनिन कमी पडतं, म्हणून त्याची पावडर वेगळी मिसळावी लागते. ती नसेल तर ब्रॉयलर उघडा राहतो, टोचाटोची सुरू होते, आणि एकदा रक्त दिसलं की सगळा कळप त्या जागी तुटून पडतो.

"पावडर घातली होती?" मी विचारलं.

"मापात घातली, मॅडम," मालक म्हणाला. "सीलबंद गोणी हाय."

त्याची बायको तिथेच बसून घमेल्यात भरडा कालवत होती. पावडर आधी मूठभर भरड्यात हातानेच कालवायची आणि मग ढिगात पसरायची, ही त्यांची रीत. शनिवारपासून तिला कुणी काही विचारलं नव्हतं. मीही नाही. तिने मान वर न करता म्हटलं, "या खेपंची पावडर लई चांगली हाय. हाताला घान येत न्हाई."

डॉक्टर थबकले. "म्हणजे?"

"आवं, न्हाईतर भाकरी थापायची सोय नव्हती. किती साबन लावा, नासक्या कोबीवानी वास. सासूबाई म्हनायच्या, तुझ्या हातची भाकर नगं. या खेपंला म्हनलं, कंपनीनं सुधारली वाटतं."

डॉक्टरांनी गोणीत हात घातला, नाकाशी नेला आणि माझ्यापुढे धरला. पिठासारखा, कसलाही वास नसलेला पांढरा भुगा.

"मेथिओनिनमध्ये गंधक असतं," ते म्हणाले. "वास येणारच. हे दुसरंच काहीतरी आहे."

दोन पंच बोलावून मी नमुने सील केले. गोणीच्या तोंडाला उरलेली शिवण मूळ भोकांतून गेली नव्हती, बाजूला रिकाम्या भोकांची दुसरी रांग होती. म्हणजे गोणी उसवून पुन्हा शिवलेली. त्याच दिवशी मी शेजाऱ्याच्या जामिनाला हरकत नसल्याचं कोर्टात कळवलं. बुधवारी तो सुटला.

पुढचा धागा एका भंगारवाल्याने दिला. गोण्यांबद्दल विचारत आमचा शिपाई त्याच्याकडे पोचला, तेव्हा तो म्हणाला, "एक जण खाद्याच्या औषधाच्या रिकाम्या गोण्या नेतो. पण तोंड कापलेलं चालत नाही त्याला. दोरा ओढून उघडलेलीच पाहिजे." महाळुंग्याकडच्या एका गाळ्याचा पत्ता मिळाला. गाळ्यात तो माणूस सापडला, माल सापडला नाही. पूर्वी पशुखाद्याच्या धंद्यात विक्रेता होता. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड.

"मॅडम, मी विष विकत नाही," तो चौकशीत म्हणाला. "समजा कुणी स्टार्च भरलं, तर माणसाने खाल्लं तरी काही होत नाही."

"कोंबड्यांनी एकमेकींना खाल्लं."

"ते उन्हाने होतं, गर्दीने होतं. कुणालाही विचारा."

तेही खरं होतं. दोन तास तो प्रत्येक प्रश्न असाच परतवत होता. असा माणूस आरोपाला भीत नाही, पण आपलं काम कच्चं म्हटलेलं त्याला खपत नाही. मी फाइल मिटली आणि सहज म्हणाले, "फारच ढिसाळ काम. एका बाईने भाकरी थापताना ओळखलं."

"शक्यच नाही!" तो उसळला. "वरचे दोन किलो नेहमी खरे..."

तो थांबला.

"या खेपेला संपले होते?" मी विचारलं.

त्याने पाणी मागितलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण माल कुठे आहे हे त्याने पंचांसमोर दाखवलं: गोणी शिवायचं मशीन, लेबलांची रिळं, स्टार्चची पोती, आणि तळाला जेमतेम ओंजळभर खरी पावडर उरलेला डबा. डब्याचं झाकण काढताच आमचा हवालदार नाक धरून बाहेर पळाला. त्यानंतर आसपासचे पोल्ट्रीवाले एकेक करून आले. त्यांची पाखरंही कित्येक महिने अशीच उघडी निघत होती. कुणी पिल्लांना दोष दिला होता, कुणी पाण्याला. एकाने तर वास्तूवाला आणून शेडचं दार फिरवून घेतलं होतं. वरच्या दोन किलोंचा वास सगळ्यांना पुरला होता.

वरिष्ठांनी पाठ थोपटली. दोषारोपपत्र गेलं. शेजाऱ्याविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल मी स्वतः लिहिला.

चार महिन्यांनी तो ठाण्यात आला. कंपनीची यादी केव्हाच लागली होती, खाडा झाला म्हणून ठेकेदारानेही नाव कापलं होतं. दुसऱ्या कंपनीत लागायचं तर पोलिसांचा चारित्र्य दाखला लागतो, त्यासाठी अर्ज घेऊन आला होता. रेकॉर्डला अटक होती. ती लपवता येत नव्हती. मी लिहिलं: अमुक गुन्ह्यात अटक. त्याखाली लिहिलं: तपासात पुरावा आढळला नाही, नाव वगळण्यात आले. सही-शिक्का करून कागद त्याच्या हातात दिला.

त्याने तो उभ्याउभ्या वाचला. आवाज चढवला नाही.

"मॅडम, पहिली ओळ वाचल्यावर खालची कोन वाचतंय?"

त्या कंपनीच्या मनुष्यबळ अधिकाऱ्याला मी स्वतः फोन केला. तो नम्र होता. म्हणाला, "तुमचं पटतं मॅडम, पण आमच्या फॉर्ममध्ये अटक झाली होती का, एवढंच विचारलंय."

मी आता स्वेच्छानिवृत्ती घेऊन थेरगावात राहते. मागच्या वर्षी चिकनच्या दुकानापुढे पिंजऱ्यांचा टेम्पो उभा होता आणि तोच शेजारी पिंजरे उतरवत होता. ज्या घाणीत पाय ठेवणार नाही म्हणाला होता, तीच आता रोजची. त्याने मला ओळखलं. मी पाखरांकडे बघत होते.

"पिसं बघताय व्हय?" तो म्हणाला. "धरलीत आता चांगली."

मग त्याने पुढचा पिंजरा खांद्यावर घेतला. त्या शनिवारी माझ्या ड्रॉवरमध्ये नोटिशीचे कोरे फॉर्म होते. एक भरायला पाच मिनिटं लागतात.