काकूंच्या स्वयंपाकघराचं दार

मागच्या रविवारी पेणला गेलो होतो. नेहमीसारखा गाण्याच्या क्लासला नाही... सरांच्या घरी, त्यांच्या पत्नीला, काकूंना भेटायला. सर गेले त्याला महिना होत आला आणि मला दिवसकार्यालाही जाता आलं नव्हतं. कंपनीत शटडाऊनचं, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्तीचं काम, सुट्टी मिळाली नाही.

मी रोह्याला राहतो. चाळिशी उलटल्यावर गाणं शिकायला लागलो, त्यामुळे क्लासमध्ये सगळ्यात मोठा मीच आणि सगळ्यात कच्चाही मीच. बरोबरची शाळकरी मुलं परीक्षा देत पुढे गेली... मी अजून यमनमध्येच अडकलेला.

सर कधी रागावले नाहीत, पण कधी "छान" असंही म्हणाले नाहीत. डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "हं... पुन्हा." येताना गाडीत मी त्या "हं"चे अर्थ लावत बसायचो.

सर गेल्याचं कळलं त्याच दिवशी मी मनात ठरवून टाकलं होतं... आता गाणं बंद. या वयात नव्याने कोण शिकवणार, आणि कशासाठी?

काकूंनी दार उघडलं. क्लास भरायचा ती बाहेरची खोली होती तशीच, फक्त सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली आणि पेटीवर चादर टाकलेली. मुलगा-सून पुण्याला परत गेले होते. काकूंनी चहा केला, सरांच्या आजारपणाबद्दल बोललो.

आणि मी नको तो प्रश्न विचारला. "काकू, सर माझ्या गाण्याबद्दल कधी काही म्हणाले होते का हो?"

विचारलं आणि स्वतःचीच लाज वाटली. जिचा नवरा गेलाय त्या बाईकडे मी कौतुक मागत होतो...

काकूंनी थोडा विचार केला. "नाय रे. खोटं कशाला सांगू? पोरांबद्दल ते घरात काय बोलायचेच नाय."

मी मान हलवली. कप खाली ठेवला, येतो म्हणालो.

"बस जरा. त्यांचं नाय म्हायत, माझं सांगते. तू नवीन होतास ना, तेव्हा तू गायला लागलास की मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. ऐकवायचं नाय." काकू चक्क हसल्या. "मग ह्या पावसाळ्यात एकदा भाकऱ्या करत होती, तुझं गाणं चाललेलं... आणि बघते तर दार उघडंच. लावायचं कधी सोडलं, माझं मलाच कळलं नाय."

निघालेला मी परत बसलो.

"आता दिवसभर घरात कसला आवाज नाय," त्या म्हणाल्या. "गातोस थोडं?"

पेटीवरची चादर काढायचा धीर झाला नाही. तसाच बसलो, डोळे मिटले आणि सा लावला. यमनच. निषाद धड लागेना, एकदा तर आवाज फाटलाच. थांबलो आणि सवयीने "हं... पुन्हा" ऐकायची वाट बघत राहिलो.

ते अर्थातच आलं नाही. डोळे उघडले तर काकू पदराने डोळे पुसत होत्या. त्या सरांसाठी रडत होत्या, माझ्या गाण्यासाठी नाही... एवढं मलाही कळतं. मग माझा मीच पुन्हा सा लावला.

निघताना काकू गेटपर्यंत आल्या. म्हणाल्या, "रविवारी येत जा. शिकवायला आता कोण नाय. ऐकायला मी हाय."

सरांकडून एक शब्द हवा होता, तो आता कधीच मिळणार नाही. हे दुखतंय आणि बहुतेक दुखतच राहील. दुसरे गुरुजी मिळतील की नाही, तेही माहीत नाही.

आज पुन्हा रविवार. सकाळच्या गाडीने पेणला निघालोय. आपल्या गाण्याचा निदान एका माणसाला आता त्रास होत नाही... माझ्यासारख्याला एवढं पुष्कळ आहे. काकू, तुम्ही खोटं बोलला नाहीत, त्याबद्दल थँक्यू.